सुकायची जागा

ती नळी फोल्केने अख्खा हिवाळा खपून घडवली होती. साडेतीन मीटर लांब, आणि मध्यावर भिंत मुद्दाम पातळ केलेली, म्हणजे वीज सोडली की तिथे जास्त तापणार. रोज थोडं घासायचं, मोजायचं, पुन्हा घासायचं. साठीतल्या माणसाची पाठ धरली, पण हूं की चूं नाही. अशी नळी स्वीडनभरात दुसरी नव्हती.

आज दुपारी प्रयोगशाळेत तिच्यातून पाणी उकळत वर जाणार होतं. अशा नळीत भिंतीला पाण्याचा पातळ थर चिकटलेला असतो आणि मधून वाफ सुसाट धावते. थर आहे तोवर नळी सुखरूप. तो सुकला की पोलाद बघता बघता लाल. तो कुठे आणि किती विजेवर सुकेल, हे आधीच सांगता यावं म्हणून गुनेलने तीन वर्षं डोकं शिणवलं होतं. तिचं गणित म्हणत होतं, मध्यावर, चारशे किलोवॅटच्या जरा पुढे.

विभागप्रमुख सिक्स्टेनने काल कॉफीच्या वेळी ते उडवून लावलं होतं. "अगं, वीस वर्षं नळ्या सुकवतोय मी. वरच्या टोकालाच सुकतात. पाणी तिथेच संपतं ना!"

"त्या सगळीकडे सारख्या तापायच्या. ही तशी नाहीये. वीज आपोआप तोडायची तार निदान मधल्या तापमापकालाही जोड."

"त्यात दोन दिवस जातील. तुझं गणित जरा जास्तच शहाणं आहे बघ."

सगळे हसले. गुनेलच्या तोंडातला दालचिनीचा पाव कडू झाला. तार नेहमीसारखी वरच्या टोकालाच राहिली.

उरलं हाताने वीज तोडायचं लाल बटण. ते कुणीही, केव्हाही दाबावं आणि दाबणाऱ्याला 'का' म्हणून कुणी विचारू नये, असा तिथला रिवाज होता. आज ते गुनेलच्या हाताशी होतं.

"तीनशे नव्वद," फोल्के वीज वाढवत म्हणाला. तापमापकांना जोडलेली पेनं सरकत्या कागदावर सरळ रेघा ओढत होती.

"चारशे."

मधलं पेन थरथरलं. तीन अंश वर, तीन खाली. थर फाटत होता आणि पुन्हा जुळत होता.

सिक्स्टेनची नजर वरच्या टोकाच्या पेनावर खिळलेली. "इथे सगळं शांत आहे. काय गुनेल, कुठे गेलं तुझं गणित?"

तिने बटणावर बोट ठेवलं. आत्ता दाबलं तर हातात काय राहणार? तीन अंशांची थरथर. तारेतला बिघाड म्हणून सिक्स्टेन ती हसण्यावारी नेईल. एक पायरी आणखी चढली की पेन उडी मारेल, आणि मग कुणाची हसायची छाती होणार नाही. तिला मोह झाला. पेन थरथरत राहिलं आणि तिने बटण दाबलं नाही.

"चारशे पाच."

पेन सरळ कागदाच्या कडेला जाऊन आपटलं. तिने बटण दाबलं तेव्हा पलीकडे नळीच्या खोलीत धाडकन आवाज झाला आणि वाफेची किंकाळी उठली.

वाफ निवल्यावर तिघं आत गेले. नळी बरोबर मध्यावर फाटली होती. सिक्स्टेनने चष्मा काढून पुसला. "चुकलो मी. तूच बरोबर होतीस. आजच लिहून काढ हे." याच वाक्यासाठी तिने तीन वर्षं काढली होती. आता ते तिला ऐकवेना.

सिक्स्टेन फोन करायला गेला. फोल्केने सोबत आणलेली कागदाची गुंडाळी उलगडली आणि थरथरीवर बोट ठेवलं. "हे चारशेवरचं. दोन मिनिटं चाललंय."

"हो."

"तुला दिसलं नाही?"

नाही म्हटलं असतं तर त्याने मान्य केलं असतं.

"दिसलं होतं," ती म्हणाली.

फोल्केने फाटलेल्या नळीकडे एकदा बघितलं. मग त्याने कागद नीट गुंडाळून तिच्या हातात दिला.

"घे. हेच हवं होतं ना तुला," तो म्हणाला, आणि नळी उतरवायला पाना-पक्कड आणायला गेला.