सात पावलं मागे

“श्वास घ्या. धरून ठेवा. हलायचं नाही,” एक्सरेबाई म्हणाल्या, आणि खडकावरचा खेकडा खरोखरच हलायचा थांबला.

कॅमेरा ट्रायपॉडवर, खेकड्याच्या पुढ्यात. बाई सात पावलं मागे, एका जाडजूड झाडाच्या बुंध्याआड. हातात लांब वायरचं बटण. खट्‌ असा आवाज झाला आणि झाडामागून हुकूम सुटला, “सोडा.” त्याबरोबर पायवाटेवर उभ्या असलेल्या सहा माणसांनी एकदम सुस्कारा टाकला. खेकड्यानेही टाकला, असं बाईंची धाकटी जाऊ आजही शपथेवर सांगते.

“वहिनी, श्वास तुम्ही खेकड्याला धरायला सांगता, आणि धरतो आम्ही,” भावजी कपाळ पुसत म्हणाले.

“मी कुठे तुम्हाला सांगितलं?”

“सांगावं कशाला लागतंय? माझी बरगडी मोडली होती तेव्हा तुम्हीच असा धरायला लावला होता. बरगडी जुळली, धाक काही गेला नाही.”

बाईंनी चौतीस वर्षं रुग्णालयाच्या तळघरात काढली होती. खोलीला खिडकी नाही, दारावर लाल दिवा, आत थंडगार टेबल. माणूस टेबलावर झोपवायचा, हात-पाय नीट लावायचे, सात पावलं मागे शिशाच्या पडद्याआड जायचं आणि बटण दाबायचं. निम्मं शहर त्यांनी आतून पाहिलं होतं. रस्त्यात कुणी हाक मारली तर चेहरा ओळखू यायचा नाही, पण खांद्याकडे नजर गेली की लगेच, “हां हां, डावा ना? आता वर जातो का हात?”

निवृत्त झाल्यावर भावजींच्या भटक्या मंडळात सामील झाल्या, कॅमेरा घेतला, आणि पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. ओढ्याकाठी कॅमेरा लावला आणि सवयीने सात पावलं मागे गेल्या. सहाव्या पावलाला खड्डा होता. बाई खड्ड्यात गेल्या, बटण तेवढं हातातून सुटलं नाही, उलट दाबलं गेलं. घरी येऊन पाहतात तो काय, खंड्या पक्षी, चोचीत मासा, माशाच्या तोंडावर आश्चर्य.

झालं होतं एवढंच, की समोर माणूस दिसेना म्हणून पाखरू निर्धास्त उतरलं होतं. भावजींचं नेमकं उलट. त्यांची लेन्स इतकी लांब, की ती वळणावरून पुढे जायची आणि भावजी मागून पाच मिनिटांनी पोचायचे. तोवर रान रिकामं. मग ते बिचारे डोंगरांचे फोटो काढायचे. डोंगर पळत नाहीत.

बाईंच्या फोटोत मात्र ससे आले, घुबड आलं, उन्हासमोर धरलेली पानं आली. त्या पानांच्या शिरा बघून मंडळातले दातांचे डॉक्टर म्हणाले, “याचं फ्रॅक्चर कुठंय?” सगळं छान चाललं होतं. गोम एकच होती. बाईंनी ज्याचा फोटो काढला, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. खट्‌ होताना त्या झाडाआड, तोंड बुंध्याकडे, मान खाली. कितीदा ठरवलं, पण बटण हातात आलं की मान आपोआप वळायची. “आलं होतं हो जाऊबाई, कान हलवून गेलं,” असं धाकटीने सांगायचं, आणि बाईंनी म्हणायचं, “बरं. घरी गेल्यावर बघते.” सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी राहणाऱ्या बाईसारखी गत.

मंडळाचं प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये भरायचं. दारासमोरची भिंत अकरा वर्षं भावजींच्या डोंगरांकडे होती. यंदा बाईंनी ती मागितली.

भावजींनी जेवणाचा डबा बंद केला. “देतो. नदीच्या वळणावर ऊद राहतात म्हणे, पाणमांजरं हो. आजवर एकाचाही फोटो कुणाला मिळालेला नाही. तुम्हाला मिळाला तर भिंत तुमची. नाही मिळाला तर पुढच्या वर्षापासून नुसतं चालायचं. कॅमेरा घरी. आमची फुप्फुसं आता या वयात ऐकत नाहीत.”

“अहो, काहीतरीच काय,” धाकटी म्हणाली.

“असू दे,” बाई म्हणाल्या. “मंजूर.”

पुढच्या रविवारी उजाडताना सगळे नदीवर. वाळूत पंज्यांचे ठसे होते, माशांचे खवले होते. बाईंनी कॅमेरा पाण्यालगत ठेवला, वायर सोडली आणि सात पावलं मोजून झाडामागे गेल्या. बाकीचे सहा जण मागच्या झुडपात दबून बसले. तासभर काही नाही. दातांच्या डॉक्टरांना डुलकीसुद्धा लागली. मग पाणी हललं.

“श्वास घ्या,” बाई पुटपुटल्या. “धरून ठेवा. हलायचं नाही.”

अंगठा बटणावर गेला, मान खाली वळली. आणि कानावर आवाज आला. कडक्‌. मग पुन्हा, कडक्‌.

हाड मोडत होतं.

चौतीस वर्षं त्यांनी मोडलेली हाडं पाहिली होती. मोडताना एकही ऐकलं नव्हतं. त्यांची मान, पायांना न विचारता, झाडाबाहेर आली.

चार ऊद होते. एक जण मासा चावत बसलेला, कडक्‌ कडक्‌. दोघं पाण्यात एकमेकांना बुचकळत होते. चौथं पिल्लू; ते मागच्या पायांवर उभं राहिलं, ओल्या मिशा पुढे करून कॅमेऱ्याची काच हुंगली, काचेला नाक टेकवलं आणि शिंकलं.

बाई बघत राहिल्या. अंगठा बटणावर तसाच. पिल्लू काचेत स्वतःला बघून मागे सरकलं, पुन्हा पुढे आलं. बाई बघतच राहिल्या. ‘सोडा’ म्हणायचं राहून गेलं.

झुडपात सहा जण लाल झाले, मग जांभळे. धाकटीने नवऱ्याची बाही पिळून काढली. किती वेळ गेला याबद्दल मतभेद आहेत. डॉक्टर अर्धं मिनिट म्हणतात. धाकटीच्या हिशेबाने त्या संध्याकाळपर्यंत त्याची सात मिनिटं झाली होती. शेवटी भावजींचा बांध फुटला. “हुऽऽऽफ्‌.”

असला आवाज नदीने कधी ऐकला नव्हता. चारही ऊद बुडी मारून गायब. बाई दचकल्या, आणि दचकताना बटण दाबलं गेलं.

“अहो, एवढी मोठी लेन्स वर्षानुवर्षं धरता,” धाकटी धापा टाकत म्हणाली, “एक श्वास धरवेना?”

सगळे कॅमेऱ्यावर वाकले. फोटोत पाणी आलं होतं. पाण्यावर चार वर्तुळं, एकमेकांत शिरलेली. आणि कोपऱ्यात नाकाचा धूसर, ओला डाग.

बाईंनी वायर गुंडाळायला घेतली. “ठरलं ते ठरलं, भावजी. कॅमेरा घरी राहील.”

भावजींनी विचारलं, “वहिनी, ऊद आला होता का?”

“आला होता.”

“तुम्ही पाहिलात?”

“पाहिला.” त्या हसल्या. “या डोळ्यांनी पाहिला हो.”

“मग मिळाला. फोटो बिघडवला तो मी. भिंत तुमची.” त्यांनी वायरचं दुसरं टोक उचललं आणि तेही गुंडाळू लागले. “आणि पुढच्या वेळी ‘सोडा’ वेळेवर म्हणा.”

प्रदर्शनात दारासमोर तो फोटो लागला. डाग कापून टाका म्हणून दोघांतिघांनी सुचवलं. बाईंनी ऐकलं नाही. खाली त्यांनी रुग्णालयातल्या अहवालाच्या अक्षरात लिहिलं : ‘ऊद, चार. सर्व व्यवस्थित.’

लोक येत, वाचत, चक्रावत. मग पुढे वाकत, वर्तुळांत कुठे शेपटी, कुठे मिशी दिसते का ते शोधत. शोधता शोधता अगदी स्तब्ध होत.

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. सात पावलं मागे, पण तोंड समोर. माणसाचा खांदा वर चढून थांबला की त्यांना कळायचं. त्या थोडा वेळ त्याला तसंच बघू द्यायच्या, आणि मग हलकेच म्हणायच्या,

“सोडा.”