कपाटामागची ओल

खालच्या वस्तीतली माणसं वरच्या वस्तीतल्यांपेक्षा इतकी लवकर का आजारी पडतात, हे शोधायचं काम नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने तिथेच नोकरीला असलेल्या धाकटीकडे दिलं. तिची ताई त्याच वस्तीत, नगरपालिकेच्याच इमारतीत राहायची. कामाला एका हॉटेलच्या लाँड्रीत. दोघी एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढलेल्या. पण ताई आता जिना चढताना दर मजल्यावर दम खात थांबायची.

खात्याच्या साहेबांनी कारण आधीच ठरवून टाकलं होतं: ही माणसं अंगावर दुखणं काढतात, तपासणीला येत नाहीत. धाकटीलाही ते बऱ्यापैकी पटलेलं. तिने पहिलं दार ताईचंच वाजवलं आणि काय खातेस, झोप लागते का, डॉक्टरकडे कधी गेली होतीस, असं विचारायला लागली. ताईने थोडा वेळ उत्तरं दिली, मग हात जोडले.

"प्रश्न पुरे कर बाई. इथे राहायला ये, म्हणजे कळेल."

ती राहायला गेली. एरवी चहापुरती बाहेरच्या खोलीत टेकणारी धाकटी पहिल्यांदाच आतल्या खोलीत झोपली. सकाळी उशी दमट लागली. कपाट ओढलं, तर मागची भिंत काळीकुट्ट. गच्चीवरून उतरणारा पाइप फुटला होता आणि पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरत होतं. शेजारपाजारीही तीच भिंत, तोच खोकला. तक्रारी करून करून लोकांनी नाद सोडला होता.

अहवालात तिने ओल सगळ्यांत वर घातली. साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला टेकला होता.

"अहो, घरं आपलीच आहेत. बोट कुणाकडे जाईल?"

"आपल्याकडेच, साहेब."

त्यांनी तो भाग अहवालात मागे ढकलला, पण काढला नाही. एका नगरसेविकेने भर सभेत नेमका तोच वाचला आणि पाइप बदलायचं ठरलं. ताईच्या इमारतीचा नंबर शेवटी लागला. तोवर धाकटीने ताईचं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं, ओढूनताणून तिला डॉक्टरकडेही नेलं. फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

परतताना ताई म्हणाली, "निदान माझ्या हयगयीने झालं नाही, हे तरी कळलं."

धाकटीने ताईच्या हातातली पिशवी घेतली.