भिंतीकडची कूस

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी बाज भिंतीला उभी करून ठेवली असेल, तर तिच्याजवळून जाताना जरा हळू जा. ती झोपलेली नसते. माणसं आमच्यावर झोपतात आणि आम्ही जाग्या राहतो. मी अशीच एक जुनी बाज आहे. मला बोलता येत नाही, नुसतं कुरकुरता येतं, आणि त्या कुरकुरीला सगळे कावतात. आज मात्र माझं पुरतं ऐकून घ्या.

सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या बिरप्पानं मला घडवलं. त्यानं बांधावरची बाभूळ तोडली, चार पाय तासले, चार दांडे बसवले आणि अंबाडीचा सुंभ स्वतः वळून मला विणलं. त्याची बायको तानाबाई पहिल्यांदा माझ्यावर बसली, तिनं दोन हिसके देऊन पाहिले आणि म्हणाली, "लई टणक झालीया की. नातवंडास्नी बी पुरंल." ते ऐकून मी फुशारून गेले होते. पुढं बिरप्पा वारला, मेंढरं सरली, आणि तानाबाई मुलाला, मायाप्पाला, घेऊन सोलापूरला आली. मायाप्पा गिरणीत लागला. गिरणीमागच्या चाळीतल्या पत्र्याच्या खोलीत, भिंतीला लागून, मला जागा मिळाली.

मला वजनं ओळखता येतात. डोळे झाकले तरी तुम्ही आईचा हात ओळखता ना, तसंच. तानाबाईची लेक अंबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तीन महिने माझ्यावर निजली. भिंतीकडं तोंड करून, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. तिच्या वजनानं सुंभाला तिथं खळगा पडला.

त्या वर्षी संक्रांतीलाच सूर्यग्रहण आलं. ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, हातपाय मुडपायचे नाहीत, उताणं सरळ पडून राहायचं, नाहीतर पोटातल्या जिवाला व्यंग येतं, असं तेव्हा घरोघर मानत. अंबू उताणी पडली. थोड्या वेळानं ती कुशीवर वळली. तानाबाईनं तिला धरून सरळ केली. ती पुन्हा वळली, तानाबाईनं पुन्हा सरळ केली. "आये, जीव घुसमटतुया. हात दे गं," अंबू म्हणाली. तानाबाईनं हात दिला नाही. तिनं लेकीचे खांदे दाबून धरले.

तीन आठवड्यांनी अंबू माझ्यावरच बाळंत झाली आणि गेली. बाळही राहिलं नाही. रक्त थांबलं नाही, असं सुईण म्हणाली. मला त्यातलं कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीत मी तोंड घालत नाही. पण तानाबाईनं मनाशी एकच धरलं की पोरगी ग्रहणात वळली म्हणून गेली, आपला हात ढिला पडला म्हणून गेली. तिनं मला उचललं आणि मोरीपाशी उभं केलं.

मित्रांनो, सव्वासात वर्षं मी तिथं उभी होते. माझ्यावर ओली लुगडी वाळली, कोंबड्या बसल्या. आल्यागेल्यानं पाठीला जुनं घोंगडं अडकवलं. त्या सगळ्यात माझी कुणी साधी चौकशीही केली नाही. मग मायाप्पाची बायको फुला हिला दिवस गेले, आणि जमिनीवरून उठणं तिला जड जाऊ लागलं, तेव्हा मी आठवले.

बिचाऱ्या फुलाला झोप म्हणून लागत नसे. उताणी पडली की दम कोंडे. उजव्या कुशीवर घशाशी जळजळ येई. भिंतीला टेकून बसली की कंबर धरे. गुडघ्यांत लुगड्याची घडी घेऊन पाहिली, पायाखाली गाठोडं घेऊन पाहिलं. शेजारच्या गिरिजाबाई येऊन सांगत, "उजवीकडं निज, पोरगा हुईल." फुला म्हणे, "काय बी होऊ द्या, पर डोळा लागू द्या की!" मला हसू आलं आणि मी कुरकुरले.

शेवटी एका दुपारी ती भिंतीकडं वळली आणि त्या खळग्यात अलगद बसली. तिथं तिचं पोट नीट टेकलं. मग ती एकदम मान उचलून सासूला म्हणाली, "आत्या, आत्ता कोण उठून गेलं हितनं? सुंभ गरम लागतुया."

"उन्हाचं असंल," तानाबाई म्हणाली. त्या कोपऱ्यात ऊन येत नव्हतं.

फुला त्यानंतर रोज तिथंच झोपू लागली. पोटातल्या बाळाच्या लाथा सुंभातून माझ्या दांड्यांपर्यंत यायच्या. असं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

आठवा महिना सरत आला आणि श्रावणातल्या अमावास्येला पुन्हा सूर्यग्रहण आलं. आदल्या दिवशी तानाबाई मायाप्पाला म्हणाली, "पोरगी लोळत जाती त्या खड्ड्यात. बाज तान. आवळून तान." मायाप्पानं दांड्याला पाय लावला आणि पायथ्याची दोरी ओढून ओढून बांधली. माझं अंग फळीसारखं सपाट झालं. खळगा गेला.

दुसऱ्या दिवशी मायाप्पा गिरणीत गेला. ग्रहण लागायच्या आधी तानाबाईनं पाण्यात तुळशीची पानं टाकली, दार लावलं, खिडकीला घोंगडं अडकवलं. फुला माझ्यावर उताणी पडली. बाहेर गल्लीतून "दे दान, सुटे गिराण!" अशी हाक फिरू लागली.

पत्र्याला खिळ्यांची भोकं होती. एरवी त्यांतून जमिनीवर गोल गोल कवडसे पडत. त्या दिवशी ते कडेनं खाल्ले जाऊ लागले. बघता बघता सगळ्या खोलीभर बारीक चंद्रकोरी पसरल्या. पाखरं गप्प झाली. चंद्रकोरी भिंतीवरून सरकल्या, माझ्या दांड्यावर आल्या आणि फुलाच्या पोटावर चढल्या. तानाबाईनं घाईघाईनं तिच्यावर पदर पसरला, तर त्या पदरावर उमटल्या.

"आत्या, डोळ्यापुढं अंधारी येतीया," फुला म्हणाली.

"दम धर. हालू नगंस. तुज्या पाया पडते, पोरी, हालू नगंस!"

फुलाचं अंग घामानं गार पडलं. तिचा श्वास तुटू लागला. आणि बाळाच्या लाथा थांबल्या. ते तानाबाईला कळत नव्हतं, फुलालाही भान नव्हतं, ते फक्त मला कळत होतं. मी भ्याले. जन्मात कधी कुरकुरले नाही एवढी कुरकुरले. तानाबाई माझ्यावरच ओरडली, "गप की गं मेले!"

तेव्हा माझ्या भिंतीकडच्या अंगावर वजन पडलं.

कुणी चढलं नव्हतं. हळूच टेकावं तसं ते आलं. ताणलेला सुंभ तिथं खाली गेला आणि फुला आपोआप डाव्या कुशीवर वळली, जणू पलीकडून कुणी तिला जवळ घेतलं. मी वजनं ओळखते, हे तुम्हाला सांगितलंच आहे. हे वजन मी तीन महिने वाहिलं होतं.

"फुले!" तानाबाई झेपावली. सुनेला सरळ करायला तिनं हात पलीकडं घातला. तिथं रिकामा सुंभ असायला हवा होता. हात तिथं गेला आणि थांबला. मग तिनं तो हळूहळू मागं घेतला. तिनं पायथ्याची दोरी चाचपली. गाठ जशीच्या तशी घट्ट होती.

"अंबे?" ती म्हणाली.

 गल्लीतली हाक लांब गेली होती. फुला डोळे मिटूनच पुटपुटली, "आत्या, हात द्या."

ग्रहण सुटलं नव्हतं. चंद्रकोरी अजून तिच्या खांद्यावर होत्या.  सून आणि नातवंड दोन्ही हातची जातील, असंच तानाबाईला वाटत असणार. तरी ती खाली बसली आणि तिनं फुलाचा हात घट्ट धरला. दुसऱ्या हातानं खिडकीचं घोंगडं ओढून तिच्या पाठीशी टेकण दिलं. "पड, तशीच पड," ती म्हणाली, आणि रडू लागली. थोड्या वेळानं सुंभाला एक लाथ लागली. मग दुसरी. माझ्या जिवात जीव आला.

फुलाला महिन्याभरानं मुलगी झाली. तानाबाईनं तिला उजेडात नेऊन तिचे कान, ओठ, बोटं तीन वेळा पाहिली. सगळं धड होतं. मग ती चाळीतल्या पोटुशा बायकांकडं मला स्वतः डोक्यावरून पोचवू लागली. सांगायला काही जायची नाही. एवढंच विचारायची, "कंच्या कुशीला बरं वाटतंय, बाई?"

म्हातारपणी तानाबाईच माझ्यावर निजायची. अगदी कडेला, पडेल की काय अशी. भिंतीकडची जागा तिनं कायम मोकळी ठेवली. पडायच्या आधी ती तिकडं तोंड करून हळूच विचारायची, "बरं हाय न्हवं?" आणि कानोसा घेत बसायची. उत्तर आलेलं मी कधी ऐकलं नाही.

मित्रांनो, मला उन्हात टाका, माझ्यावर कोंबड्या बसवा, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी आई, वहिनी, बहीण अवघडलेली असेल, तर तिनं कसं निजावं ते तिला सांगू नका. तिला विचारा, आणि कूस बदलायला हात द्या. पण ती समोर आहे तोवर विचारा.