उलट्या काट्यांचं घड्याळ

मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिलं की लोकांना पहिली शंका तीच येते. मी एक मनगटी घड्याळ. माझे काटे उलटे फिरतात, आकडेही उलटे काढलेत आणि किल्ली डाव्या बाजूला आहे. हे सगळं अगदी मुद्दाम केलेलं आहे.

माझा जन्म चित्रपटाचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. चित्रपट अंतराळयानाचा होता. यानातल्या माणसांच्या हातात कुणी कधी पाहिलं नसेल असं घड्याळ हवं, असा दिग्दर्शकांचा हट्ट. मग आमच्या कारागिराने बाजारातून बायकांची साधी घड्याळं आणली, निळ्या तबकडीची, तेव्हा घरोघरी दिसायची तशी. त्यांची यंत्रं काढून त्याने जाड सहाकोनी पेट्यांत बसवली. असे सहा नमुने झाले आणि प्रत्येकाच्या झाकणावर आतून नंबर कोरला गेला.

मी सातवा. एका दृश्यात नायक आरशासमोर दाढी करतो आणि आरशातच घड्याळ बघतो. कॅमेऱ्याला फक्त आरसा दिसणार होता. तिथे प्रेक्षकांना वेळ सरळ वाचता यावी म्हणून मला उलटं घडवलं. काटे उलटे फिरावेत म्हणून यंत्रात एक चाक जादा घातलं. ते बसवताना कारागिराने ज्या शिव्या दिल्या, त्याच माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द. शेवटी आकडे रंगवताना त्याचा ब्रश घसरला आणि चारच्या बाहेरच्या अंगाला नारिंगी थेंब पडला. “तीन सेकंदांचं काम, कोण बघतंय!” म्हणत त्याने तो तसाच ठेवला. एका दृश्यापुरता म्हणून मला नंबरही दिला नाही.

तीन सेकंद मी पडद्यावर झळकलो आणि माझं काम संपलं. पोशाख सांभाळणाऱ्या बाईंनी मला बटणांच्या डब्यात टाकलं. त्या निवृत्त झाल्यावर तो डबा त्यांच्या घरी गेला आणि बऱ्याच वर्षांनी त्यांच्या भाचीने तो विकायला काढला. तिथून मी एक्सरेकाकांकडे आलो.

काकांनी जन्मभर दवाखान्यात एक्स-रे काढले. अजूनही हातात आलेली वस्तू, अगदी विजेचं बिलसुद्धा, ते आधी उजेडाकडे धरून बघतात. त्यांना वेड एकच, त्या चित्रपटाची घड्याळं. सहापैकी पाच त्यांनी मिळवली होती. ती काचेच्या कपाटात असतात, आणि त्या कपाटावरची धूळ पुसायची काकूंनाही परवानगी नाही. पण काकांचा जीव अडकला होता तो दाढीच्या दृश्यातल्या घड्याळात. अठरा वर्षं ते त्याच्या मागावर होते. लोक पाकिटात मुलाबाळांचा फोटो ठेवतात, काकांच्या पाकिटात त्या दृश्याचा फोटो होता.

म्हणजे माझाच की! डब्यातून बाहेर निघालो तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस मला डोक्यावर घेऊन नाचणार.

काकांनी मला फोटोशेजारी ठेवलं आणि भिंग लावलं. “किल्ली उजवीकडे पाहिजे, याची डावीकडे. आकडे उलटे, काटे उलटे. आणि हे बघ, थेंब! थेंब उजव्या बाजूला पाहिजे. नक्कल करणाऱ्याला थेंबसुद्धा धड जागेवर पाडता आला नाही.”

“अहो, पण इतकं सगळं उलटं चुकून कसं होईल?” काकू म्हणाल्या.

“अडाणी माणसाच्या हातून काहीही होतं,” काका म्हणाले.

तरी खात्री हवी म्हणून त्यांनी मला जुन्या दवाखान्यात नेऊन माझा एक्स-रे काढला. आत नंबर नव्हता. यंत्र तेच होतं, पण एक चाक जादा निघालं. काकांनी कपाळावर हात मारला आणि माझी रवानगी नकलांच्या खणात केली. तिथे मी चार वर्षं पडून होतो. राग यायचा, खोटं कशाला बोलू? अठरा वर्षं ज्याला शोधायचं, त्याच्याकडे धड बघायचंसुद्धा नाही!

मग कपाटातलं चार नंबरचं घड्याळ बंद पडलं. त्याच्या एका चाकाचे दात तुटले होते. ती यंत्रं बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. तसलंच दुसरं घड्याळ मिळालं तर काम होईल, असं घड्याळवाल्यांनी सांगितलं.

“आहे की माझ्याकडे,” काका म्हणाले. “एक नक्कल पडली आहे. ती खोला.”

माझं चाक काढलं की मी संपलो. पत्र्याची रिकामी पेटी उरणार, आणि ती कोण ठेवतंय? मला ओरडून सांगायचं होतं, पण घड्याळाला टिकटिक करण्यापलीकडे काय येतं? यंत्र चालतंय का बघायला काकांनी किल्ली दिली, तेव्हा ती मी जिवाच्या आकांताने केली.

घड्याळवाल्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. त्यांच्या टेबलावर एक भिंतीवरचं घड्याळ पाठ उघडी टाकून उभं होतं आणि त्याच्या तोंडासमोर आरसा लावला होता. मागून स्क्रू फिरवताना पुढचे काटे दिसावेत म्हणून हे लोक असा आरसा ठेवतात. जागा अपुरी, म्हणून घड्याळवाल्यांनी मला त्या आरशापुढेच, तोंड आरशाकडे करून, एका चिमट्यात उभं धरलं. पेचकस माझ्या पाठीला लागला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा सैल झाला. काका त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले होते. माझे हाल बघवत नव्हते म्हणा किंवा कंटाळा आला म्हणा, त्यांची नजर आरशाकडे गेली.

“थांबा!”

घड्याळवाले दचकले. “काय झालं, साहेब?”

“हात काढा. आधी हात काढा म्हणतो ना!”

काकांनी पाकिटातून फोटो काढून आरशाशेजारी धरला. किल्ली उजवीकडे. आकडे सरळ. थेंब चारच्या उजव्या अंगाला, जागच्या जागी.

“मी आरशातलं घड्याळ शोधत होतो हो,” काका म्हणाले, “आणि हा आरशाबाहेर बसला होता.” मग मला तळहातावर घेऊन हळूच म्हणाले, “चुकलो रे बाबा.” त्यांचे डोळे भरले होते. माझा जीव भांड्यात पडला आणि चार वर्षांचा रागही कुठल्या कुठे गेला.

“आणि चार नंबरचं काय?” घड्याळवाल्यांनी विचारलं.

काकांनी माझा निघालेला स्क्रू त्यांच्यापुढे सरकवला. “राहू दे बंद,” ते म्हणाले.

आता मी कपाटात असतो. पाहुणे येतात, आरसा धरून मला बघतात, काकू हसून हसून ही गोष्ट सांगतात. मी सुखात आहे. फक्त शेजारी चार नंबर उभं आहे, सव्वानऊवर थांबलेलं. माझं एक चाक मिळालं असतं तर आज ते चालत असतं. त्याने मला एका शब्दाने बोल लावलेला नाही, पण त्याच्याजवळ उभं राहून टिकटिक करताना मला अवघडल्यासारखं होतं.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या आईच्या, मावशीच्या कपाटात जुनं, निळ्या तबकडीचं एखादं बंद घड्याळ पडलं असेल. ते टाकू नका. एकदा उघडून बघा. आमच्या चार नंबरला एवढंसं चाक हवं आहे.