एका ओंजळीत पाव किलो

खटकचिंचोळीच्या आठवडी बाजारात आमच्या बचत गटानं तुरीचं पोतं उघडलं आणि शेजारी काटा मांडला. वीस रुपये भरायचे, एका ओंजळीत पाव किलो तूर उचलायची. ज्याची ओंजळ सगळ्यात जवळ जाईल त्याला कुकर. बाकीचे पैसे गटातल्या संपदाच्या पोरीला, नेत्राला, कानाच्या मशीनसाठी. बीदरच्या दुकानात ते मशीन तिला थोडा वेळ लावून दाखवलं होतं, मग काढून घेतलं. तेव्हापासून पोर कानावर हात ठेवून बसायची.

पहिल्या बाजारी कुकर सुशीलाबाईंनी नेला. त्या गावच्या शाळेच्या जुन्या हेडबाई. खिचडीचे तांदूळ त्या स्वतः ओंजळीनं मोजून द्यायच्या, कुणाला दाणा जास्त गेला नाही. निम्म्या गावानं त्यांची छडी खाल्लेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

पुढच्या बाजारी फौजदार किरणकुमार आले. तक्रार तिप्पण्णाची होती. पुन्हापुन्हा पैसे भरून हरला होता.

"अक्का, हे काय चालवलाव?"

"पोरीच्या कानासाठी हाय, सायेब," संपदा म्हणाली.

"पुण्याचं काम असलं तरी कायदा तोच. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस द्यायलाव, तर तो जुगार. हाताची कला असंल तर मी चाललो."

"नशीबच हाय," तिप्पण्णा म्हणाला. "न्हाईतर मी कामून हरलो?"

फौजदारांनी जरा विचार केला. "मागं जिंकलं कोण? बोलवा. कला असंल तर पुन्हा जमंल."

सुशीलाबाई भाजीची पिशवी खाली ठेवून पुढं आल्या. तीनदा उचलली. तिन्ही वेळा काटा पाव किलोला येऊन थांबला.

"कला हाय," फौजदार म्हणाले.

आम्ही खूश होऊन मागं बघतो तर रांगच नाही.

"जिंकणार त्याच. आम्ही पैसे कामून टाकायचे?" तिप्पण्णाचं या वेळी बरोबर होतं. कायद्यानं आम्हाला सोडलं, गिऱ्हाइकानंही.

संपदा दबकत म्हणाली, "हेडबाई, तुम्ही बाजूला ऱ्हावा की."

सुशीलाबाई पिशवी उचलून घरी निघून गेल्या. रागावल्या, असंच वाटलं. परत आल्या तेव्हा काखेत कुकरचं खोकं होतं, अजून न उघडलेलं.

"मला हरवील त्याचा हा. ज्यांना मी मारलंय, त्यांनी आधी यावं."

रांग पार हॉटेलापर्यंत गेली. तिप्पण्णा सगळ्यात पुढं. फौजदार परगावचे, त्यांनी कधी मार खाल्लेला नव्हता, तरी वीस रुपये काढले आणि हरले.

मशीन आलं, एका कानाचं. दुसऱ्यासाठी पुन्हा पोतं उघडलं, कुकर तोच, अजून कुणी न जिंकलेला. नेत्रा काट्याला टेकून उभी होती. तिप्पण्णाची ओंजळ बरीच कमी भरली. मग सुशीलाबाईंची तूर ताटलीत पडली, खळखळ झाली, आणि पोरीनं झटकन मान वळवली.

"अजून," ती म्हणाली.

सुशीलाबाईंनी पोत्यात हात घातला आणि आणखी एक ओंजळ वरून सोडली. सावकाश, आवाज होईल अशी.

"हरल्या! बाई हरल्या!" तिप्पण्णा ओरडला.

कुकर त्यानं डोक्यावरून मिरवत नेला. घरी बायकोला सांगितलं म्हणे, हाताची कला.