मुक्याचं स्टूल

सरांच्या शिल्पकलेच्या वर्गात एक लाकडी स्टूल होतं. सगळे त्याला मुक्याचं स्टूल म्हणायचे. ज्याचं काम त्या दिवशी तपासायला घ्यायचं, त्यानं त्याच्यावर बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. हा चेहरा कुणाचा, का केला, किती जीव ओतला, काही म्हणजे काही सांगायचं नाही. मधे फिरत्या पाटावर मातीचं काम, भोवती बाकीची मंडळी, आणि एकेकानं मनातलं बोलायचं. शेवटी सर बोलायचे. आणि नुसतं बोलून थांबतील तर ते सर कसले! बाह्या सरसावून स्वतः मातीला हात घालायचे, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, आणि मग स्टुलाकडे वळून विचारायचे, "आता बोला. काय बदलाल?" तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याला तोंड उघडायची मुभा मिळायची.

खरं सांगायचं तर पद्धत वाईट नव्हती. घरामागच्या गॅरेजात भरणाऱ्या त्या वर्गातून माणसं खरोखर शिकून बाहेर पडत. दातांची डॉक्टर होती, एक केमिस्ट होता, बस चालवून रिटायर झालेले एक ड्रायव्हरकाका होते. सर त्यांना सांगायचे, "घरच्यांनी वा वा केलं म्हणून कला होत नाही. इथे आपला तो बाब्या चालणार नाही. ज्याला टीका सोसत नाही त्यानं घरी बसून टीव्ही बघावा." पटायचं सगळ्यांना. पटण्यासारखंच होतं. फक्त एवढंच, की सर स्वतः त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. केमिस्टनं एकदा भीतभीत विचारलं होतं, "सर, तुमचं काम कधी ठेवायचं पाटावर?" सर म्हणाले, "आधी तुम्हाला बघायला तर येऊ दे." सगळे हसले. केमिस्टही हसला. न हसून सांगतो कुणाला?

वडील गेल्यावर ताई सरांकडे राहायला आली. ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. पोस्टात नोकरी केलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि दूरच्या गावच्या घरी राहून वडिलांचं शेवटपर्यंत सगळं केलेली. दुपारी एकटी बसून भिंतीकडे बघत राहते म्हणून सरांच्या बायकोनंच तिला गॅरेजात पिटाळलं. पहिल्याच दिवशी ताईनं भर वर्गात सांगितलं, "छोट्या, आधी तो चष्मा पूस." साठीला टेकलेल्या सरांचे कान लालबुंद झाले. मंडळींनी हसू आवरायला माना खाली घातल्या.

त्याच दिवशी सरांनी मनाशी ठरवलं, बहीण म्हणून हिला झुकतं माप द्यायचं नाही. आणि असं ठरवलं की पारडं दुसरीकडे जरा जास्तच झुकतं, हे काय आज घडतंय? रोजच्या सरावात केमिस्टची चूक सर हसून सांगायचे, ताईची चूक कपाळाला आठ्या घालून. ताई ऐकून घ्यायची. शिकायची पण. महिनोन् महिने ती एकाच चेहऱ्यावर काम करत होती. जाताना ओलं फडकं गुंडाळायची, वर प्लास्टिक, आणि कोपऱ्यात ठेवून द्यायची. सरांनी मधे ढुंकून बघितलं नाही. तोही त्यांचा नियमच होता, अर्धवट काम बघायचं नाही.

मग ताईची पाळी आली. तिनं स्वतः फडकं काढलं आणि स्टुलावर जाऊन बसली.

एका म्हाताऱ्याचा चेहरा होता. ओबडधोबड, नवख्या हाताचा. कान मोठे. डावा गाल खाली ओघळलेला, डावी पापणी अर्धवट मिटलेली, ओठाचा डावा कोपरा घसरलेला. 

"मला तर बघून पोटात कालवलं," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"पोटात कालवणं म्हणजे कला नव्हे, काका," सर म्हणाले. "रस्त्यावर अपघात बघूनसुद्धा कालवतं. दया वेगळी, आठवण वेगळी आणि कला वेगळी."

दातांची डॉक्टर पाटाभोवती एक फेरी मारून आली. "सर, ही डावी बाजू मला मुद्दाम केल्यासारखी वाटते. असे चेहरे असतात."

"असतात ना. पण नवशिक्याची डावी बाजू नेहमीच ढासळते. उजव्या हातानं काम करतो आपण, समोरून तिकडेच जास्त दाब पडतो, आणि मग ढासळलेल्याला आपण भाव म्हणतो." डॉक्टर आणखी काही बोलणार होती, पण सरांनी बाह्या सरसावल्या होत्या. आता कोण बोलणार?

सरांनी तारेची कोरणी घेतली आणि डावा गाल एका झटक्यात कापून बादलीत टाकला.

ताई स्टुलावरून अर्धवट उठली.

"ताई," सर बोट वर करून म्हणाले, "नियम."

ताई बसली. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि शेवटपर्यंत ती पाटाकडेच बघत राहिली.

सरांचा हात फार सुंदर चालायचा, ते मान्य केलंच पाहिजे. नवी माती भरली, गालाचं हाड वर घेतलं, पापणी उघडली, ओठ घट्ट मिटवले. हातांना काही विचारावंच लागत नव्हतं, जणू ते ही वाट आधी चालून आले होते. डावी भुवई त्यांनी सहज जरा उंच केली आणि मागे सरकले. "बघा! आता माणूस झाला. हां ताई, बोला. काय बदलाल?"

ताई उठून पाटाजवळ आली. बराच वेळ बघत उभी राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली. "असेच दिसायचे बाबा. आजारी पडायच्या आधी."

मग पदराला हात पुसत ती घरात निघून गेली.

सरांनी पाटाकडे बघितलं. बाबा होते. रागावले की उंच होणारी ती भुवई, ते कान, शिस्तीत मिटलेले ओठ, सगळं बाबांचं. हातांनी ओळखलं होतं, आणि डोळ्यांनी? मघाशी तो चेहरा समोर होता, तेव्हा सरांनी स्वतःच्या बापाला ओळखलं नव्हतं. ओळखलं नाही तर नाही, वर त्याचा गाल कापून बादलीत टाकला होता, चार माणसांसमोर, व्याख्यान देत देत. डॉक्टरनं आपली पिशवी उचलली. केमिस्टनं उगाच मोबाइल काढला. ड्रायव्हरकाका जाताना दार हळूच लावून गेले, आणि त्या हळूच लावण्यानंच सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोनं तर काहीच हातचं राखलं नाही. "मला माहीत होतं कुणाचा चेहरा आहे तो. मला सांगितलं होतं ताईंनी. तुम्ही विचारलंत का कधी?"

"विचारायचं नसतं. नियम आहे."

"चुलीत घाला तो नियम! बाबांना झटका आल्यावर तोंड वाकडं झालं होतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक होतं हो. कानांना ठाऊक होतं. ताईनं फोनवर सांगितलं होतं, आणि सर म्हणाले होते, "आता बरे आहेत ना? मग झालं." त्यांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. बाबा कॅमेऱ्यासमोर तोंड फिरवायचे, त्यामुळे त्या चेहऱ्याचा एकही फोटो नव्हता. प्रदर्शन संपल्यावर निवांत जाऊन येऊ, असं सर म्हणत राहिले, आणि पोचले तेव्हा बाबांचं सगळं उरकलं होतं. म्हणजे तो चेहरा जगात फक्त ताईच्या डोळ्यांत होता, आणि मग या मातीत. मातीतला सरांनी दुरुस्त करून टाकला.

ताई मात्र होती तशीच होती. रोजच्यासारखा चहा पुढे ठेवायची, साखर कमी झाली का विचारायची. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सर तिच्या नजरेला नजर देईनात. जेवताना ताटात बघायचे आणि ती खोलीत आली की काहीतरी शोधायला दुसऱ्या खोलीत जायचे. एका सकाळी गॅरेजचं दार आतून लावून त्यांनी फडकं काढलं आणि तो गाल परत उतरवायला घेतला. ओठाचा कोपरा खाली ओढला, पापणी पाडली. विदूषक झाला. पुन्हा सारखा केला, पुन्हा ओढला. या खेपेला दारुडा झाला. आयुष्यभर लोकांच्या चुका दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःची एक चूक निस्तरता येईना. येणार कशी? जे बघितलंच नाही ते हात कुठून आणणार? शेवटी त्यांनी चेहरा होता तसा सरळ करून ठेवला आणि खाली बसून रडले. तोंडावर तेच फडकं धरलं होतं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तेवढी लाज अजून शिल्लक होती.

पुढच्या वर्गाला मंडळी आली तेव्हा पाटावर तोच चेहरा होता आणि मुक्याच्या स्टुलावर सर बसले होते.

"हे माझं काम आहे," सर म्हणाले. "बोला." आणि त्यांनी तोंड मिटलं.

कोण बोलणार? केमिस्ट ड्रायव्हरकाकांकडे बघतोय, काका जमिनीकडे बघतायत. डॉक्टरनं मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली. शेवटी ताई पुढे झाली. सरांनी नेहमी करावं तसं तिनं पाट एकदा पूर्ण फिरवून बघितला.

"कान चांगले आहेत," ती म्हणाली. "नाक तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. हात तयार आहे, त्यात वाद नाही." ती थांबली. "पण तोंड फार बरोबर आहे. या तोंडातून पाणी सांडणार नाही. मला एका हातानं पेला आणि दुसऱ्या हातानं रुमाल धरावा लागणार नाही. आणि हा डोळा मिटेल. तो झोपेतसुद्धा मिटत नव्हता, मी त्यावर ओला कापूस ठेवायचे."

सर मान वर करायला बघत होते, पण ती वर होईना.

"या तोंडाला तुझं नाव नीट घेता येईल," ताई म्हणाली. आवाज तिचा तसाच होता, पोस्टाच्या खिडकीतून बोलावं तसा. "त्या तोंडाला येत नव्हतं. तुझ्या फोनच्या दिवशी सकाळपासून सराव करत बसायचे. छोट्या, छोट्या. मी चुका काढायचे, बाबा, छ नीट आला नाही, पुन्हा म्हणा. ते पुन्हा म्हणायचे. कधी रागावले नाहीत माझ्यावर. आणि मग फोन आला की तू म्हणायचास, आवाज तुटतोय गं ताई, लाइन खराब आहे, नंतर करतो."

लाइन खराब नव्हती!  तो तुटका आवाज त्यांना आत्ता जसाच्या तसा ऐकू आला, आणि त्या आवाजातलं स्वतःचं नावही. धरणीनं पोटात घेतलं असतं तर ते हसत गेले असते. "ताई, मला खरंच..." ते बोलायला लागले.

"सर," ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले, "नियम."

टोमणा नव्हता त्यात. काकांचे स्वतःचे डोळे भरले होते. सरांनी तोंड मिटलं. समजावून सांगायचं नाही, का केलं ते बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. किती जणांना बसवलं होतं त्यांनी या लाकडावर, आणि वर म्हणायचे, सोसायला शिका! सोसणं काय असतं ते आज कळत होतं. ताई बोलायची थांबली होती, तरी ते ऐकतच होते.

मग ताई स्टुलाकडे वळली. "झालं माझं. आता बोल. काय बदलशील?"

 "आलो असतो," ते म्हणाले. "मी आलो असतो गं."

"ते आता होत नाही," ताई म्हणाली. "मातीचं बोल."

"मातीचं मला येत नाही." चार माणसांसमोर हे म्हणताना सरांचा चेहरा पेटल्यासारखा झाला. "करून बघितलं. जमलं नाही. मला तो चेहरा माहीतच नाही, ताई."

ताईनं फडकं ओलं करून त्या मिटलेल्या ओठांवर दाबून धरलं, माती मऊ होईपर्यंत. "ऊठ," ती म्हणाली. "अंगठा आण इकडे."

सर उठले. ताईनं त्यांचा अंगठा धरून ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला आणि वरून आपल्या बोटांनी रेटला. माती थोडी हलली. सरांनी हात काढून घ्यायला बघितलं, पण तिनं सोडला नाही.

"एवढंच?" सरांनी विचारलं.

"छे, अजून खाली. अजून." ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "आणि लाजू नकोस. ते पण फार लाजायचे."

सरांनी अंगठा दाबला.