पडद्यावरचा मिशीवाला

वाटूरच्या राजानंदकडे जुन्या व्हिडिओ गेमची एक पेटी होती. अशी पेटी अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नाही, म्हणून तो ती रोज पुसायचा. पण कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"खेळायची चीज न्हाई, जपायची हाय," असं बायकोलाही दटावायचा.

एका भरदुपारी पेटी आपोआप सुरू झाली. पडद्यावर एक इवला माणूस जीव घेऊन पळत होता, मागं राक्षस लागला होता. माणसाला मिशी होती, अगदी राजानंदचीच. राक्षसानं त्याला धरलं, तशी इकडं राजानंदच्या छातीत कळ आली आणि अर्धी मिशी गळून पडली. पडद्यावर आकडा आला: उरलेले जीव दोन.

त्यानं पेटीवरचा खेळायचा दांडा धरला, पण त्याला खेळता कुठं येत होतं? दुसरा जीवही गेला, राहिलेली मिशीही.

"बेबीनंदा, जल्दी ये!"

बायकोनं पदर खोचला. "सरका. जत्रंत लई खेळल्ते मी."

तिनं इवल्या राजानंदला असं पळवलं की राक्षस दमून गुडूप झाला.

"वाचलो बाई! झाक आता तिला."

बेबीनंदाचे डोळे चमकत होते. "थांबा हो, लई मजा येऊन राह्यली. अजून एक डाव!"

तिनं बटण दाबलं. उरलेल्या जिवांचा आकडा अजून एकच होता.